घरच्या छोट्या वर्कशॉपला थंडीत स्वस्तात ऊब कशी द्यावी? पुण्यातल्या कारागिरांसाठी प्रश्नोत्तरं

गच्चीवरची पत्र्याची खोली, बंगल्यामागचं गॅरेज, रो-हाउसचं पार्किंग बंद करून केलेली जागा किंवा वाड्यातली तळमजल्याची अंधारी खोली. पुण्यात घरच्या घरी सुतारकाम, फिटिंग, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मूर्तिकाम करणाऱ्यांची वर्कशॉप्स बहुधा अशीच असतात. दिवाळी उलटली की हीटरबद्दल ठरावीक प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पुण्यात हीटरची खरंच गरज आहे का? इथे कुठे बर्फ पडतो?

बर्फ पडत नाही, पण पहाटेची थंडी हाताला लागते. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान साधारण १० ते १२ अंशांच्या आसपास असतं आणि लाट आली की त्याच्याही खाली जातं. शिवाजीनगरच्या वेधशाळेत (जुनी माणसं अजून तिला 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं) १९३५ च्या जानेवारीत १.७ अंशांची नोंद झाली होती. शहरातही सगळीकडे सारखी थंडी नसते. पाषाण आणि एनडीएच्या बाजूला मोकळी जमीन आणि झाडी जास्त, म्हणून तिथला पारा मगरपट्ट्यापेक्षा बराच खाली उतरतो.

पण त्याच दिवशी दुपारी तापमान २८-३० अंशांवर जातं. आपल्या सगळ्या हिशेबाचं मूळ यात आहे. उत्तरेत खोली महिनोन् महिने चोवीस तास उबदार ठेवावी लागते. आपल्याला ऊब लागते ती सकाळी सहा ते नऊ आणि रात्री आठनंतर, तीही जेमतेम दोन-अडीच महिने. एवढ्यासाठी महागडी यंत्रणा बसवू नका. नोकरीला जाण्याआधीचा तास किंवा जेवणानंतरचे दोन तास, एवढाच वेळ ज्यांना कामाला मिळतो त्यांना मात्र हीटर हवाच. गारठलेल्या बोटांनी पटाशी धरणं धोक्याचं आहे.

मग स्वस्तातला सगळ्यात चांगला उपाय कोणता?

थोडक्यात सांगायचं तर आधी फटी बुजवा, मग पत्र्याखाली अस्तर लावा, मग पायाखाली काहीतरी टाका. एवढं झाल्यावर ७५०-८०० वॅटचा रॉडचा हीटर आणा आणि तो खोलीकडे नाही, स्वतःकडे तोंड करून ठेवा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. क्रम महत्त्वाचा आहे. हीटर आधी आणला की तो कमी पडतो, मग माणूस दुसरा आणतो आणि बिल आल्यावर दोन्ही माळ्यावर जातात.

दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. किती वॅटचा हीटर लागेल?

गणित घरी करता येतं, आणि एकदा करून बघाच, कारण आकडे पाहिल्यावर पैसे कुठे खर्च करायचे ते आपोआप कळतं.

बाहेर १० अंश आहेत आणि आत २० हवेत असं धरू, म्हणजे फरक १० अंशांचा. छत १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. उघड्या पत्र्यातून प्रत्येक चौरस मीटरमागे, प्रत्येक अंशाच्या फरकाला साधारण ७ वॅट उष्णता जाते. ११ गुणिले ७ गुणिले १०, म्हणजे ७७० वॅट नुसते डोक्यावरून गेले. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच.

नऊ इंची विटांच्या भिंतीला हाच आकडा २ च्या आसपास आहे. दोन भिंती बाहेरच्या धरल्या तर ३५०-४०० वॅट.

आता हवा. नऊ फूट उंची धरली तर खोलीत ३० घनमीटर हवा मावते. ती सगळी हवा तासातून एकदा बदलली तर १०० वॅट जातात. शटर असेल, खाली बोटभर फट असेल आणि पत्रा-भिंतीच्या सांध्यातून उजेड दिसत असेल, तर हवा तासाला पाच वेळाही बदलू शकते. म्हणजे ५०० वॅट.

एकूण झाले १६००-१७००. खोली २० अंशांवर टिकवायला दोन हजार वॅटचा हीटर जवळजवळ अखंड चालवावा लागेल. आता पत्र्याखाली इंचभर जाडीचा चांगला फोम लावला तर छताचे ७७० वॅट दीडशेच्या आत येतात. फटी नीट बुजवल्या तर हवेचे ५०० उतरून दीडशेवर येतात. भिंतींचे तसेच राहू द्या. बेरीज ७०० च्या आत. लागणारी वीज निम्म्याहून कमी झाली, आणि हीटरला अजून हातही लावलेला नाही.

फटी बुजवायला काय वापरायचं?

दाराच्या चौकटीला चिकटणारी फोमची किंवा रबराची पट्टी, दाराखाली ब्रश किंवा रबराचा पट्टा. शटरच्या खाली जुन्या सायकल ट्यूबची पट्टी पत्र्याच्या स्क्रूने मारली तरी उत्तम काम होतं. पन्हाळी पत्रा भिंतीवर टेकतो तिथे लाटांची भोकं राहतात. ती फोमच्या तुकड्यांनी भरा. पत्र्यांच्या दुकानात लाटेच्याच आकाराच्या पट्ट्याही मिळतात.

रात्री आत दिवा लावून बाहेरून एक फेरी मारा. जिथे उजेड दिसेल तिथून ऊब जाते. फक्त खोली हवाबंद करू नका. एक छोटी खिडकी किंवा एक्झॉस्ट हवा तेव्हा उघडता आला पाहिजे. भुसा आणि वास बाहेर जायला वाट लागतेच.

पत्र्याखाली थर्माकोल लावू का? स्वस्त पडतो.

उघडा थर्माकोल नको. तो पटकन पेट घेतो, जळताना काळा विषारी धूर सोडतो आणि थिनरचा थेंब पडला तर विरघळतो. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात त्या जागी तर तो अजिबात नको. लावायचाच असेल तर खालून जिप्सम बोर्डाने पूर्ण झाका.

चांदीसारखा चकचकीत कागद लावलेला फोम (बाजारात 'एक्सएलपीई' किंवा नुसतं 'इन्सुलेशन शीट' म्हणतात) लावायला सोपा आहे आणि पाण्याने भिजत नाही. तोही जळतो, म्हणून आग लवकर न धरणारा प्रकार मागून घ्या. ठिणग्यांचं काम जास्त असेल तर रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) आणि त्याखाली बोर्ड, हे सगळ्यात सुरक्षित. खर्च वाढतो, पण हा खर्च फक्त थंडीचा नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हेच अस्तर डोक्यावरची भट्टी थांबवतं. आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाळा लांब असतो. हीटरचा उपयोग दोन महिने, अस्तराचा वर्षभर. हातात पाच हजार रुपये असतील तर माझ्या मते त्यातले चार अस्तर आणि फटींवर जावेत.

अस्तराचा आणखी एक फायदा सुतारांना आणि फिटरांना लगेच जाणवेल. पहाटे पत्रा आतल्या हवेपेक्षा गार होतो आणि त्याच्या खालच्या बाजूला दव धरतं. बारीक थेंब लाटेच्या खोलगट भागात जमतात, स्क्रूच्या टोकाशी एकत्र येतात आणि खालच्या टेबलावर टपकतात. रंध्याच्या पात्यावर रुपयाएवढा तांबूस डाग दिसला की वर बघा, बरोबर त्याच रेषेत स्क्रू असतो. अस्तर लागलं की हे टपकणं थांबतं.

रॉडचा, तेलाचा, ब्लोअरचा: यातला कमी वीज खाणारा कोणता?

एकही नाही. दुकानदार काहीही सांगो, एक हजार वॅटचा कोणताही हीटर तासाला एकच युनिट घेतो आणि तेवढीच उष्णता देतो. फरक आहे तो उष्णता कशी आणि कुठे पोचते याचा.

रॉडचा हीटर (क्वार्ट्झ किंवा हॅलोजन) किरणांनी तापवतो. हवा गार असली तरी समोरच्या माणसाला लगेच ऊब लागते, कोवळ्या उन्हात बसल्यासारखी. एकेक रॉड बहुधा ४०० वॅटचा असतो आणि दोन रॉडवाला सहज मिळतो. अर्ध्या-एक तासाच्या कामाला हाच योग्य. तोटा असा की तुम्ही बाजूला सरकलात की ऊबही गेली. आणि रॉड लाल तापलेला असतो, त्यामुळे लाकूडकामात तो जपून वापरावा लागतो. भिंतीवर डोक्याच्या वर, खाली तोंड करून बसवायचे हीटरही मिळतात. भुशाच्या जागी मी तेच सुचवीन, कारण भुसा आणि थिनरची वाफ दोन्ही जमिनीलगत राहतात. मात्र भिंतीवर बसवण्यासाठीच बनवलेलं मॉडेल घ्या. जमिनीवरचा हीटर तारेने टांगू नका.

तेलाचा हीटर, म्हणजे तो उभ्या पात्यांच्या रांगेसारखा दिसणारा रेडिएटर. त्यातलं तेल जळत नाही, कमी होत नाही, पुन्हा भरावं लागत नाही. त्यात लाल तापलेलं काही उघड्यावर नसतं, आवाज नसतो, थर्मोस्टॅट (ठरवलेल्या उबेला हीटर आपोआप बंद-चालू करणारा भाग) असतो. भुशाच्या खोलीत रॉडपेक्षा हा पुष्कळ बरा. पण खोली तापायला अर्धा-पाऊण तास घेतो, आणि पत्रा उघडा असेल तर सगळी ऊब वर जाऊन बसते. अस्तर लावलेल्या खोलीत सलग दोन-तीन तास बसणाऱ्यांनी हा घ्यावा. किंमत रॉडच्या हीटरच्या चार-पाच पट धरा.

ब्लोअर स्वस्त आणि लहान, पण वर्कशॉपमध्ये माझा त्याला ठाम विरोध आहे. तो मागून हवा ओढतो. तुमच्या खोलीतल्या हवेत सँडिंगची बारीक धूळ असते. ती थेट तापलेल्या तारेवर जाते, आधी करपल्याचा वास येतो आणि जाळीत साचलेली धूळ कधीतरी पेटते. सोल्डरिंगच्या टेबलाखाली, धूळ नसलेल्या खोलीत चालेल. सुताराने घेऊ नये.

वीजबिलात किती भर पडेल?

युनिट = वॅट गुणिले तास भागिले १०००. दोन रॉडचा ८०० वॅटचा हीटर रोज दोन तास, साठ दिवस चालवला तर ९६ युनिट. सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले तर दोन महिन्यांचे ९६० रुपये. दोन हजार वॅटचा तेवढाच वेळ चालवला तर २४० युनिट आणि २४०० रुपये.

स्वतःचा दर मात्र स्वतःच्या बिलावरून काढा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे आणखी वरचा. हीटरची युनिटं तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर चढतात, म्हणून त्यांना तुमचा सगळ्यात वरचा टप्पा लागतो. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्याला आणि २८० वापरणाऱ्याला एकच हीटर वेगवेगळ्या भावात पडतो.

साध्या प्लगवर हीटर चालेल का? वर्कशॉपमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड आहे.

लहान, ६ अँपिअरच्या पॉइंटला हिशेबाने १३८० वॅट झेपतात, पण तासन् तास एवढा भार त्याच्यावर टाकू नये. ८०० वॅटचा हीटर चांगल्या पॉइंटवर चालतो. हजार वॅटच्या पुढे १६ अँपिअरचा, जाड पिनांचा पॉवर पॉइंट हवा, त्याला बोर्डापासून वेगळी वायर (किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची) आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच). शेडला वीज घरातून ओढलेली असते आणि पूर्वी फक्त एका बल्बासाठी टाकलेली बारीक वायरच अनेकदा तिथवर गेलेली असते. तिच्यावर टेबल सॉ आणि हीटर एकदम चालवले की वायर तापणारच. वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.

एक तपासणी तुम्हीच करू शकता. हीटर अर्धा तास चालवा, भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि पिनांजवळ बोट न्या. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, सॉकेटच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी दिसलं, किंवा मासळीसारखा वास आला, तर आतली पकड सैल झाली आहे. तो सॉकेट त्याच दिवशी बदला. एक्स्टेन्शन बोर्ड हीटरला नको. अगदीच वेळ आली तर जाड वायरचा घ्या आणि वायर पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर वापरला तर? बिल येणार नाही.

कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नाही. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, झोप येते आणि माणसाला वाटतं दमलो असेन. दरवर्षी उत्तरेकडून शेगडी पेटवून झोपलेली कुटुंबं गेल्याच्या बातम्या येतात. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. उलट धूर संपून निखारे लाल झाले की माणूस शेगडी आत घेतो आणि तिथेच घात होतो. फटी बुजवलेल्या खोलीत तर हा धोका दुप्पट समजा.

गॅसचं गणित कागदावर मोहात पाडतं. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते, म्हणजे गॅस विजेपेक्षा स्वस्त दिसतो. पण घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठी असतो, ज्योत उघडी असते आणि खोलीतला ऑक्सिजन ती वापरते. शिवाय एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात: एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सुटतं. ते गार लोखंडावर जाऊन बसतं. लेथचा बेड, कानशी, व्हर्निअर, सगळ्यांना आठवड्यात गंज. हत्यारांवर जीव असेल तर गॅस नको.

पॉलिश आणि स्प्रेचं काम करतो. हीटर किती लांब ठेवू?

लांब नाही, बंद ठेवा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवरून सरकत खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या रॉडपर्यंत जाते. आणि थंडीत ती पेट घेणार नाही असं समजू नका. एनसी थिनरमधली (नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करायच्या थिनरमधली) द्रावणं पुण्याच्या पहाटेलाही पेटण्याइतकी वाफ सोडतात. तेलाचा हीटरही बंदच, कारण थर्मोस्टॅटच्या आत ठिणगी पडते.

खरं म्हणजे हे काम थंडीत पहाटे करूच नका. पॉलिशवर पांढुरकी झाक येते ती गार, दमट हवेमुळे. अकरा ते चार या वेळात दार उघडं ठेवून मारा. पुण्याच्या थंडीतली दुपार कोरडी आणि उबदार असते, पॉलिशला वर्षातली सगळ्यात चांगली हवा. नोकरीमुळे दुपार मिळत नसेल तर फिनिशिंग रविवारसाठी राखा आणि आठवडाभर करवतकाम, रंधकाम, जोडणी उरका. ग्राइंडर, भुसा आणि हीटर यांमध्ये किमान तीन फूट मोकळी जागा सोडा, काम संपल्यावर भुसा झाडा आणि दाराजवळ, हाताला येईल असं एबीसी पावडरचं अग्निशामक टांगा. कोपऱ्यात, हीटरच्या मागे नको.

फेव्हिकॉल थंडीत नीट का धरत नाही?

पांढरा गोंद पाणी उडून सुकतो आणि त्यातले कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो. फार गारठ्यात ते मिसळत नाहीत. सांधा उघडून पाहिला तर आत पारदर्शक थराऐवजी खडूसारखी पांढरी भुकटी दिसते. डबा रात्री घरात ठेवा. पण एवढ्याने भागत नाही, लाकूडही गार नको. फळ्या आदल्या रात्री घरात आणा, सकाळी चिकटवा, क्लॅम्प दुप्पट वेळ ठेवा. दोन नळ्यांच्या इपॉक्सीला दहा अंश कमी झाले की सुकायला साधारण दुप्पट वेळ लागतो. जोडलेला तुकडाच घरात उबेला नेऊन ठेवला की खोली तापवायची गरजच नाही.

लेथवर बारीक मापाचं काम आहे. गारठ्याने माप चुकेल का?

मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश मानलं जातं. पोलादाचा १०० मिलिमीटरचा तुकडा १० अंशांनी गार झाला तर साधारण ०.०११ मिलिमीटरने आखडतो. व्हर्निअरवर ते दिसणारही नाही. मायक्रोमीटरने बेअरिंगची बैठक मोजत असाल तर तुकडा आणि मायक्रोमीटर एकाच तापमानाला येऊ द्या, दोन्ही पोलादाचे असल्याने फरक बराचसा कटतो. सकाळी लेथ पहिली पाच मिनिटं हळू फिरवा, तेल पातळ होऊ द्या.

हॉट अँड कोल्ड एसी घ्यावा का?

फक्त हीटरसाठी नाही. पण उन्हाळ्यासाठी एसी घेणारच असाल तर हा प्रकार जरूर पाहा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरून ओढून आत आणतो. त्यामुळे पुण्यासारख्या सौम्य थंडीत एका युनिटमागे साधारण तीन युनिटांची ऊब देतो. चालवायला सगळ्यात स्वस्त, विकत घ्यायला सगळ्यात महाग. आणि सँडिंगची धूळ त्याचा फिल्टर भराभर भरते, तो दर आठवड्याला धुवावा लागेल.

पाय गारठतात, बाकी ठीक आहे.

शहाबादी फरशीवर उभं राहून पाय गारठणारच. टेबलासमोर जाड रबरी मॅट किंवा दोन रिपांवर ठोकलेली प्लायची फळी टाका. हा सगळ्यात कमी खर्चाचा उपाय, आणि पाठही कमी दुखते. वर कानटोपी आणि बिनबाह्यांचा स्वेटर. लोंबणारी शाल किंवा मफलर ड्रिल आणि लेथजवळ अजिबात नको, ती गुंडाळली जाते. हातमोजेही फिरत्या मशीनवर घालू नका.

दक्षिणेला खिडकी असेल तर दुपारी उघडा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन आत पार फरशीपर्यंत येतं. चार-साडेचारला सगळं बंद केलंत तर रात्री आठला खोली बाहेरच्यापेक्षा स्पष्टपणे उबदार लागते. याला पैसा लागत नाही.

सामान कुठे घ्यावं?

वायर, एमसीबी, पॉवर सॉकेट आणि हीटर तपकीर गल्लीत. पट्ट्या, स्क्रू, रबर बोहरी आळीत. प्लाय आणि रिपा भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात रबरी मॅटचे तुकडे आणि हत्यारं चांगली मिळतात, पण हीटर तिथून जुना घेऊ नका. त्याची वायर आणि आडवा पडल्यावर बंद करणारं बटण शाबूत आहे की नाही, हे वरून कळत नाही. नवा घेताना आयएसआयची खूण पाहा आणि ते बटण दुकानातच हीटर आडवा करून तपासा.

सकाळी खोली गरम मिळावी म्हणून हीटर रात्रभर मंद ठेवला तर?

नको. पत्र्याच्या खोलीत रात्रभरची ऊब रात्रीच निघून जाते, आणि भुसा असलेल्या जागी माणूस नसताना हीटर चालू असूच नये. तेलाच्या हीटरला टायमर लावून पहाटे आपोआप सुरू करायची युक्ती काही जण करतात, तीही वर्कशॉपमध्ये करू नये. उठल्यावर स्वतः जाऊन, आजूबाजूला काही पडलेलं नाही ना ते पाहून बटण दाबा आणि चहा पिऊन या. अस्तर लावलेली खोली तेवढ्या वेळात बसण्यासारखी होते.